एकच खोटं : कुर्ट टँकचं न उडालेलं विमान, भारतीय रंगात

स्केल मॉडेलच्या, म्हणजे खऱ्या विमानांच्या प्रमाणशीर लहान प्रतिकृती करण्याच्या, छंदात एक उपपंथ आहे. जगभर त्याला 'व्हॉट-इफ' म्हणतात, मी घरी समजावून सांगताना 'जर-तर' म्हणतो. जे विमान झालंच नाही ते करायचं, किंवा झालेलं विमान भलत्याच देशाच्या खुणा लावून उभं करायचं. या पंथाचं लाडकं माहेर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मनी. कारण उघड आहे. तिथे विमानांचे जे नमुने झाले तसे इतरत्र झाले नाहीत. ब्लोम उंड फॉसचं बीव्ही १४१ घ्या : इंजिन आणि शेपटी एका दांड्यावर, माणसं बसायची काचेची खोली शेजारी वेगळीच, आणि तरीही ते सरळ उडायचं. डोर्निअर ३३५ला पुढेही पंखा, मागेही पंखा. होर्टेन बंधूंच्या विमानाला शेपटीच नव्हती. फोके-वुल्फच्या ट्रीबफ्लूगेलमध्ये पंख धडाभोवती गरगर फिरणार होते. ते कागदावरच राहिलं, हे वैमानिकांचं नशीब.

हे मॉडेल सुरू केलं तेव्हा माझी एक तक्रार होती, अजूनही आहे. बहुतेक जर-तर मॉडेल आळशी असतात. किट घ्यायचा, जसाच्या तसा जोडायचा, रंग दुसरा मारायचा, आणि खाली चिठ्ठी लावायची : '१९४७, पॅसिफिक'. विमान तिथे कसं पोचलं, इंधन कुठून आलं, सुटे भाग कोण देणार, यातलं काही त्या प्लास्टिकमध्ये दिसत नाही. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला : खोटं एकच बोलायचं. त्या एका खोट्यानंतर जे जे ओघाने येईल ते सगळं खरं, म्हणजे खऱ्या मापांनी आणि खऱ्या अडचणींनी, मॉडेलवर उमटलं पाहिजे. या नियमाने मला किती छळलं, त्याची ही हकीकत.

विमान कोणतं

निवड केली फोके-वुल्फ टा १८३ची. टा म्हणजे टँक. कुर्ट टँक, फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचा कर्ता. प्रत्यक्ष रेखाटन मात्र मुख्यतः हान्स मुल्टहोप या तरुण वायुगतिशास्त्रज्ञाचं. एका जुन्या जर्मन चित्रकथेतल्या खोडकर डोमकावळ्यावरून या विमानाला 'हुकेबाइन' हे टोपणनाव पडलं, आणि ते शोभतंही. बुटकं, पोट सुटलेलं धड, तोंडाशी हवेचं भोक, ४० अंश मागे झुकलेले पंख, आणि पाठीवर ६० अंशांत मागे कललेलं उंच पुच्छ, ज्याच्या अगदी टोकावर आडवी शेपटी. पंख लाकडी मढवणीचे, कारण १९४५मध्ये जर्मनीत अॅल्युमिनिअमची मारामार होती. फेब्रुवारी १९४५च्या अखेरीस हे विमान निवडलं गेलं, १६ नमुन्यांची मागणी निघाली, आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य फोके-वुल्फच्या कचेरीत दाखल झालं. एकही विमान पुरं झालं नाही.

ज्या हाइन्केल-हिर्थ ०११ इंजिनासाठी ते आखलं होतं, तेही कारखान्यातून मोजून १९च निघाली. पहिल्या काही नमुन्यांना म्हणून जुनंच युमो ००४ बसवायचं ठरलं होतं. म्हणजे विमान कागदावर तयार, आणि त्याच्या पोटात घालायला इंजिन नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. टँकच्या पुढच्या आयुष्यात ते पुन्हा पुन्हा येतं.

खोटं कोणतं

खरा इतिहास असा. १९४७च्या अखेरीस टँक खोट्या नावाने अर्जेंटिनात पोचला आणि कोर्दोबाच्या विमान कारखान्यात कामाला लागला. तिथे टा १८३च्या वळणावर 'पुल्की २' हे लढाऊ विमान झालं. जून १९५०मध्ये ते पहिल्यांदा उडालं. पाच नमुने झाले. १९५१ आणि १९५२मध्ये दोन वैमानिक त्यात गेले. १९५५मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेली आणि प्रकल्पाचं छत्रही गेलं. १९५६मध्ये टँक बेंगळुरूला, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी टँकने तिथे आखलेलं लढाऊ जेट, एचएफ-२४ मरुत, उडवलं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत उभं आहे. लहानपणी मी त्याच्या पोटाखालून पळायचो, तेव्हा त्याचा हुकेबाइनशी काही संबंध असेल हे स्वप्नातही नव्हतं.

माझं खोटं इतकंच : टँक कोर्दोबाला गेलाच नाही. १९४८मध्ये तो थेट बेंगळुरूला आला.

हे खोटं मला का पटलं? निम्मं कारण टँक, निम्मं कारण एक मराठी माणूस. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे. १९३६मध्ये गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे पितामहच. विमानाच्या पंखाला चिकटून सरकणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना त्यांचीच. आणि टा १८३ आखणारा मुल्टहोप? तोही गटिंगेनचाच, प्रांटल यांच्याच तालमीतला, त्याच दशकातला. घाटगे १९४०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बेंगळुरूत होते. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेतला विमानविद्येचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याच प्रमुखपदाखाली, आणि १९५१मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान त्यांच्याच चमूचं. म्हणजे १९४८मध्ये मागे झुकलेल्या पंखाचे जर्मन अहवाल कोणी टेबलावर टाकले असते, तर ते मूळ भाषेत वाचून त्यातल्या समीकरणांवर वाद घालू शकणारा माणूस बेंगळुरूत हजर होता. वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये काढलेला कारखानाही होता. तो तेव्हा व्हँपायर, प्रेंटिस अशी परदेशी विमानं जुळवण्याच्या कामात होता. फार मोठी उडी नव्हे ही.

काळ ठरवला १९५३. त्या वर्षी भारतीय हवाई दलात फ्रान्सची उरागान विमानं आली, आपण त्यांना 'तुफानी' नाव दिलं. माझ्या कथेत त्या तुफानीच्या शेजारी टँक-घाटगे यांचं हे विमान उभं राहतं.

नीनची भानगड

आता खऱ्या अडचणी सुरू. हाइन्केल-हिर्थ इंजिन तर मिळणार नाही. १९४८मध्ये जगाच्या बाजारात पैसे टाकून मिळणाऱ्या चांगल्या जेट इंजिनांपैकी एक : रोल्स-रॉइस नीन. ब्रिटनने ते सोव्हिएत रशियालाही विकलं होतं, अर्जेंटिनालाही विकलं. खऱ्या पुल्कीत नीनच होतं. तुफानीतही नीनच, फ्रान्सच्या हिस्पानो-सुइझाने परवान्यावर बनवलेलं. म्हणजे माझ्या कथेत हवाई दलाला सुटे भाग आणि मेकॅनिकही आयते मिळतात. उत्तम! इथपर्यंत मी चहा पीत पीत पोचलो होतो.

मग व्हर्निअर काढला.

नीन हे केंद्रोत्सारी इंजिन आहे. हवा मधोमध घेऊन बाहेरच्या बाजूला भिरकावतं, त्यामुळे ढोलासारखं रुंद. व्यास १,२५७ मिलिमीटर. माझं मॉडेल १/७२ मापाचं, म्हणून ७२ने भागलं की १७.५ मिलिमीटर. आणि माझ्या किटचं धड इंजिनाच्या जागी बाहेरून बाहेर मोजून साडेसोळा. म्हणजे विमान इंजिनापेक्षा बारीक! त्यातही नीनचा पंखा दुतोंडी आहे, पुढून आणि मागून दोन्हीकडून हवा ओढतो. मागच्या तोंडाला हवा पोचायची तर इंजिनाभोवती रिकामी हवेची खोली लागते. त्यावर सांगाडा, त्यावर पत्रा. मी हिशेब केला : किमान २० मिलिमीटर हवेत. साडेतीन मिलिमीटर कमी.

इथे आळशी रस्ता समोर होता. शेपटीकडचं भोक थोडं मोठं करायचं, आत काळा रंग मारायचा, कोणाच्या बापाला कळतंय? पण नियम नियम आहे. आणि खरं सांगायचं तर या साडेतीन मिलिमीटरमध्येच मला मॉडेलची गोष्ट सापडली. टा १८३ पुल्की होताना जाड का झालं, लांब का झालं, याचं उत्तर तेच आहे. हुकेबाइनची लांबी साडेनऊ मीटरच्या आत, पुल्कीची साडेअकराच्या वर. जोर जवळपास दुप्पट : १,३०० किलोच्या जागी सुमारे २,२७० किलो. जोर दुप्पट तर इंधनाची भूकही वाढणार. इंधन ठेवायला जागा हवी, म्हणून धड लांब. इंजिनाने विमान आखलं.

लोक छातीठोकपणे सांगतात की रशियाचं मिग-१५ म्हणजे टा १८३ची चोरी. मला हे कधीच पटलं नव्हतं, पण का पटत नाही ते करवत हातात घेतल्यावर नीट कळलं. माझं धड फुगवून, नाक रुंद करून झाल्यावर जे टेबलावर आलं ते थेट मिग-१५च्या चुलतभावासारखं दिसत होतं. मी मिगचं एकही रेखाटन समोर ठेवलं नव्हतं. तोंडाशी भोक, मागे झुकलेले पंख आणि पोटात नीन, एवढं ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं. मिगमध्ये नीनचीच रशियन नक्कल होती. चोरी असलीच तर इंजिनाची, आणि तीही ब्रिटनने पावती फाडून दिलेली.

कापाकापी

कारागिरीत ज्यांना रस नाही त्यांनी हा भाग ओलांडला तरी चालेल.

किट जुना, स्वस्त, दोन डझनांच्या आतबाहेर तुकडे. निर्मात्याचं नाव घेत नाही, कारण पुढे जे बोलणार आहे ते फारसं गोड नाही. धड डाव्या-उजव्या दोन सालींचं, आणि पुच्छाच्याही दोन साली धडाला जोडूनच ओतलेल्या. सरळ मध्ये पट्टी घालून धड रुंद केलं असतं तर पुच्छही साडेतीन मिलिमीटर जाड झालं असतं, म्हणजे खऱ्यात पाव मीटर. म्हणून आधी पुच्छ बुंध्यापासून कापून वेगळं केलं. मग वरच्या आणि खालच्या सांध्यात प्लास्टिक शीटच्या पाचरी बसवल्या : नाकाशी एक मिलिमीटर, इंजिनापाशी साडेतीन, शेपटीकडे परत निमुळत्या. हुकेबाइनचं धड मुळात उभट अंडाकृती, त्यामुळे रुंदी वाढल्यावर ते जवळपास गोल झालं. ही मात्र नशिबाची साथ.

लांबीसाठी वैमानिकाच्या खोलीमागे धड आडवं कापून दहा मिलिमीटरचं कडं घातलं, म्हणजे खऱ्यात ७२ सेंटिमीटर. कडं म्हणून बॉलपेनची नळी चालेल का, झाकण चालेल का, हे बघत घरातली सगळी पेनं मी मोडली. शेवटी एका जाड मार्करचं टोपण बरोबर बसलं. दुसऱ्या टोपणातून हवेच्या तोंडाची कडी झाली.

भरावाचं सांगायलाच हवं. इतक्या मोठ्या पाचरीवर नेहमीची मॉडेलची पुट्टी लावली की ती महिना दोन महिने हळूहळू आत बसत जाते. आज घासून आरसा केलेला सांधा गणपतीपर्यंत खळगा होतो. फेविक्विकमध्ये बेबी पावडर कालवून भरली तर बसत नाही. फक्त एक पथ्य : तासाभरात घासायला घ्यायची. रात्रभर ठेवली तर ती प्लास्टिकपेक्षा कडक होते, आणि मग सँडपेपर बाजूचं प्लास्टिक खातो, भराव तसाच उंच राहतो. मला हे ठाऊक होतं. तरीही एका रात्री लाइट गेले म्हणून मी तसाच झोपलो. त्या झोपेची किंमत तीन संध्याकाळी आणि तीनदा पुन्हा कोरलेल्या पॅनल लाइन.

पॅनल लाइनवरून आठवलं. किटच्या पंखांवर पत्र्याच्या जोडांच्या रेघा कोरलेल्या होत्या. मूळ पंख लाकडाने मढवायचे, त्यावर पत्र्याचे जोड कुठून येणार? ही किटची चूक. पण माझ्या गोष्टीत पंख धातूचेच हवेत. टँकने लाकडाचा चटका आधी खाल्ला होता. त्याच्या टा १५४ या लाकडी विमानासाठी ठरलेला डिंक बनवणारा कारखाना बाँबहल्ल्यात गेला, बदली डिंकाने लाकूडच खाल्लं, आणि विमानं हवेत उसवली. असा माणूस बेंगळुरूत आल्यावर पुन्हा डिंक-लाकडाच्या वाटेला कशाला जाईल? तेव्हा किटने केलेली चूक माझ्या गोष्टीत बरोबर ठरली. अशी फुकटची दुरुस्ती या छंदात फार कमी वेळा मिळते.

नाकात वजन हा हुकेबाइनचा सगळ्यात चिडका प्रश्न. तीन चाकांचं विमान, शेपटीकडे सगळं ओझं, म्हणजे नाकात वजन न घातल्यास मॉडेल शेपटीवर बसतं. आणि नाकात तर भोक! आरपार दिसणारी हवेची नळी. शिशाच्या छर्ऱ्यांना जागाच नाही. वैमानिकाच्या खोलीच्या तळाखाली आणि नळीच्या दोन्ही कुशींत मिळून कसेबसे नऊ ग्रॅम बसवले. पुच्छ परत लावताना बुंध्यात पितळी तारेचे दोन तुकडे घातले, कारण इतकं उंच आणि कललेलं पुच्छ नुसत्या सिमेंटवर पहिल्याच साफसफाईत मोलकरणीच्या फडक्याला लागून जातं. अनुभव आहे.

काकांचा प्रश्न

ऑगस्टच्या शेवटी धड, पंख, पुच्छ जुळून राखाडी प्रायमर लागला होता. मी खूश होतो. तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर आले. नोकरीची सगळी वर्षं नाशिकजवळ ओझरच्या मिग कारखान्यात गेली, आता निवृत्त. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल उलटं करून पोट पाहिलं, आणि खिशातली पेन्सिल काढून चाकांच्या खोबणीत टोचली.

"ही चाकं मिटून कुठे जातात रे?"

"धडात, काका. मूळ विमानात तशीच होती. पंखात इंधनाच्या टाक्या होत्या ना."

"आणि हवेची खोली कुठे म्हणालास? दुतोंडी इंजिनाची?"

मी बोट ठेवलं. जिथे पेन्सिल होती तिथेच.

काका हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "मग इंजिन हवा ओढणार की टायर?"

मी दोन महिने इंजिनाच्या व्यासाचा हिशेब दशांशात करत बसलो होतो आणि त्याच जागेत चाकं मिटतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोट्याचा माग काढता काढता एका वळणावर मी मूळ आराखडा तसाच ठेवून दिला होता, कारण किटमध्ये तो आयता ओतलेला होता. मला वाटतं जर-तर मॉडेलची खरी फसगत इथे असते. मुद्दाम जे बदलतो तिथे आपण जागे असतो. चूक होते ती न बदललेल्या जागी.

उपाय काय? काका म्हणाले, "मिग-१५सारखी चाकं पंखाच्या बुंध्यात घाल. पाय पंखाला, चाक आतल्या बाजूला." मिग-१५ला चाकं पंखातच आहेत. म्हणजे नीन बसवलं की तोही निर्णय इंजिनच घेतं. मी धडाच्या खोबणी बुजवल्या, पंखाच्या खालच्या सालीत नव्या कोरल्या. पण चाकं पंखात गेली की पंखातल्या टाक्यांची जागा गेली. इंधन पुन्हा धडात. दहा मिलिमीटरचं कडं आता अपुरं, किमान अठरा हवं. धड पुन्हा कापायचं?

नाही कापलं. इथे मी जे केलं त्याला काकांनी 'सरकारी उपाय' म्हटलं : दोन्ही पंखांखाली एकेक टाकून देता येणारी टाकी लटकवली. जुन्या डब्यातल्या कुठल्याशा किटच्या उरलेल्या टाक्या. पळवाट आहे, पण खरी हवाई दलंही त्या काळी हीच पळवाट वापरत होती. जेट तहानलेली होती आणि धडं छोटी. तुफानीच्या तर पंखांच्या टोकांनाच टाक्या असत. विमान कमी पडलं की बाहेरून टाकी लावायची, हे १९५३चं खरंखुरं तंत्र आहे, म्हणून नियम मोडला असं मी मानत नाही. काका मानतात.

रंग आणि एक तिरकं चिन्ह

तुफानी उघड्या धातूच्या रंगात असत, म्हणून हेही तसंच. अॅल्युमिनिअमचा रंग म्हणजे चुगलखोर. राखाडीत लपलेला एकेक ओरखडा चांदीखाली ओरडायला लागतो. आधी चकचकीत काळा, त्यावर धातूचा पातळ हात, असा क्रम. काळा मारला सप्टेंबरात, धो धो पावसात, आणि दमट हवेने लॅकरवर दुधाची साय आल्यासारखा पांढरट पडदा आला. थिनर मारून तो गेला नाही. घासला. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर परत मारला, तेव्हा कुठे धातू धातूसारखा दिसला. पंखांच्या काही पट्ट्या मास्किंग टेप लावून एक छटा गडद केल्या. पत्रे वेगवेगळ्या तुकडीतून आले की तसे दिसतात.

खुणा १९५०नंतरच्या : बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं वर्तुळ. क्रमांक 'आयसी' अक्षरांनी सुरू होणारा, तुफानीच्या मालिकेला जुळेल असा. अंक माझ्या मनचे.

किटच्या मूळ डिकल शीटवर, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांच्या कागदावर, अर्थातच जर्मन खुणा होत्या, आणि पुच्छासाठीचं हाकेनक्रॉइट्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, दोन अर्ध्या तुकड्यांत छापलेलं. जर्मनीत ते चिन्ह छापणं-विकणं कायद्याने अडचणीचं, म्हणून बरेच निर्माते ते तोडून छापतात किंवा गाळतात. आईच्या हातात ती शीट पडली. "स्वस्तिक असं तिरकं आणि तुटकं का?" मी सांगायला लागलो आणि मध्येच अडखळलो. आपल्या उंबऱ्यावर रोज दिसणारी आकृती आणि ही आकृती यांत एक वळण आणि सगळा इतिहास आहे, पण मॉडेलच्या डब्यात ती नुसती 'भाग क्रमांक १४' असते.

जर-तरच्या जर्मन शाखेबद्दल माझी खरी नावड इथेच सुरू होते. 'युद्ध आणखी वर्षभर चाललं असतं तर' या एका वाक्यावर शेकडो मॉडेल उभी आहेत. ते आणखी एक वर्ष कोणाच्या जिवावर चाललं असतं? युमो ००४सारखी इंजिनं नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यांत तयार होत होती, आणि त्या बोगद्यांना मजूर पुरवणारी डोरा ही छळछावणी होती. फोके-वुल्फच्या कारखान्यांतही सक्तीने आणलेले मजूर होते. टँक त्या यंत्रणेच्या माथ्यावर बसलेला माणूस होता. घाटग्यांच्या शेजारी त्याची खुर्ची मांडताना हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण १९५६मध्ये भारत सरकारने ती खुर्ची खरोखरच मांडली, ते माझं खोटं नव्हे. मी फक्त तारीख आठ वर्षं मागे ओढली. जर्मन खुणांचं विमान मात्र मी करणार नव्हतो, नीन बसो वा न बसो.

काय जमलं, काय नाही

डिसेंबरात मॉडेल पुरं झालं. पंखांचा विस्तार साडेतीन मिलिमीटरने वाढला, कारण धड रुंद झाल्यावर दोन्ही पंख बाहेर सरकले. तो मी तसाच ठेवला. खऱ्या पुल्कीचा विस्तारही दहा मीटरचा साडेदहाच्या वर गेला होता. उंच पुच्छावरची आडवी शेपटी मूळ जागीच राहिली, आणि ती मला आज सगळ्यात जास्त टोचते. पुल्कीचा तोच दोष होता. नाक फार वर गेलं की पंखामागची मंदावलेली हवा नेमकी त्या शेपटीवर येते, शेपटी निकामी होते, आणि विमान नाक खाली घेतच नाही. १९५२मध्ये टँकचा जुना सहकारी ओटो बेहरेन्स पुल्कीतच गेला. घाटग्यांनी ती शेपटी तशीच जाऊ दिली असती का? प्रांटलच्या शिष्याने पवनबोगद्यातल्या चाचण्यांचा हट्ट धरून ती खाली आणवली असती, असं मला वाटतं. मरुतची शेपटी खालीच आहे. पण शेपटी खाली आणली की हुकेबाइन हुकेबाइन राहत नाही, तो कावळा उडून जातो. तिथे मी मॉडेल करणाऱ्याचा स्वार्थ पाहिला.

मरुतचं पुढे काय झालं ते सर्वज्ञात आहे. आणि ते वाक्य, विमान तयार आणि इंजिन नाही, तिथेही येतंच. ज्या ताकदीच्या ऑर्फियस १२ इंजिनावर टँकने ते आखलं, ते ब्रिटनने सोडून दिलं. मरुतला साधं ऑर्फियस ७०३ मिळालं. इजिप्तमध्ये तयार होत असलेलं एक इंजिन एका मरुतमध्ये बसवून पाहिलं, तेही तडीला गेलं नाही. १४७ मरुत झाली, १९७१मध्ये लोंगेवालाच्या वाळूवर त्यांनी काम चोख केलं, पण ज्या वेगासाठी धड घडवलं होतं तो वेग त्यांना कधी मिळाला नाही. माझ्या खोट्या विमानाचं नशीब त्या मानाने बरं. त्याला निदान बाजारात मिळणारं इंजिन मिळालं, आणि ते पोटात मावावं म्हणून मी त्याचं पोट फाडलं.

मॉडेल आता कपाटात तुफानीच्या शेजारी आहे. नऊ ग्रॅम पुरले, नाक जमिनीवर टेकलेलं राहतं, पण डावं चाक अर्ध्या मिलिमीटरने आत झुकलंय. परवा काका आले, त्यांनी ते लगेच पाहिलं.

"डावा टायर लवकर झिजेल," म्हणाले, आणि चहा घेऊन खाली गेले.